रविवारचे मिस कॉल

किल्ले धारूर

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत होतो. तुझी आई म्हणाली, दोन शब्द बोलायचे तरी. मला फोनवर सुचत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाला देवाघरी जाऊन आठवडा होत नाही तोच त्याच्या जागेवर दुसरा बसला, याचा तुला सगळ्यांचा राग आला. मला आमच्या शाळेतले सर आठवले. तू तेव्हा चौथी-पाचवीत असशील. पेरू आणणारे सर म्हटलं की आठवतील.

मूळचा जिंतूरकडचा. शिक्षणसेवक म्हणून आमच्या डोंगरातल्या शाळेवर आला, तेव्हा महिना 3000 रुपये मानधन होतं. शाळा दोन शिक्षकी, त्यामुळं दिवसभर आम्ही दोघंच एकमेकांना. त्याचं टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची तयारी लिहिलेली वही, कधी वेळेवर नसायचं. केंद्रप्रमुख आले की माझ्या तोंडाकडं बघायचा. वरून माहिती मागवली की त्याच्यामागं लागून लागून माझा जीव जायचा. हे आधी सांगून टाकतो, कारण माणूस गेला की लोक त्याचा देव करून टाकतात.

आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव ऊसतोडीला जाऊन रिकामं होतं, हे तू पाहिलंयस. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या आणि वर लेकरं. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी सोलापूरकडं, कोणी पार बेळगावकडं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, माघारी येणं नाही. लेकरं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं. जेवण शाळेत आणि झोपायला आजीजवळ. कागदावर सोपं आहे. पण जिला धाकट्या भावाला सांभाळायला न्यायचं ठरलेलं असतं, त्या पोरीला मागं ठेवा म्हणून बापाला सांगून बघ! मी 2009 चा कायदा सांगायचो, सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांचा हक्क वगैरे. बाप मान डोलवायचा आणि पोरीला ट्रॅक्टरवर चढवायचा.

आमचा हा सर कायद्याचं नाव काढत नसे. सरळ पोरीच्या मायला विचारायचा, “ताई, कुठल्या कारखान्यावर चाललात? मुकादमाचा नंबर द्या.” वहीत लिहून घ्यायचा. मग म्हणायचा, “लेकरू दर रविवारी तुमच्याशी बोलंल. तुम्ही नुसता मिस कॉल द्या.”

आणि हंगामभर ते पाळायचा. सुट्टीच्या दिवशी धारूरहून मोटारसायकलवर गावात यायचा. रेंज फक्त मारुतीच्या ओट्यावर. लेकरं तिथं बसलेली असायची. मिस कॉल आला की हा उलटा फोन लावायचा, स्वतःच्या रिचार्जवर. पलीकडं उसाच्या फडातून माय विचारायची, “जेवलास का? आजीला तरास देऊ नको.” लेकरू बहुतेक वेळा काही बोलायचंच नाही, नुसतं फोन कानाला लावून बसायचं. पैसे चाललेले असायचे, पण ‘बोल, लवकर बोल’ असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. पेरू खात दुसरीकडं बघत बसायचा. पोरी मागं राहायला लागल्या त्या यामुळं, असं माझं मत आहे.

जानेवारीत, ऐन हंगामात, पहाटे छातीत दुखायला लागलं. अंबाजोगाईला नेताना वाटेतच गेला. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. जिंतूरला अंत्यविधी उरकून मी रात्री परत आलो आणि सकाळी शाळा उघडली. “मास्तरला काही सुतकबितक?” असं एकजण बोललाच. वसतिगृहाची लेकरं त्या दिवशी जेवणार कुठं, हे काही त्यानं सांगितलं नाही. त्याच्या वर्गाची हजेरी मीच घेतली. त्याच्याच खुर्चीवर बसून, कारण माझ्या खुर्चीचा पाय मोडलेला होता.

रविवारी त्याच्या बायकोचा फोन आला. “सर, यांच्या फोनवर मिस कॉल येऊन राहिलेत. मी काय करू?” फडावर कुणालाच काही माहीत नव्हतं. मी तो मोबाइल घेऊन ओट्यावर गेलो आणि एकेक नंबर लावला. एका बाईला सांगितलं, तर पलीकडं बराच वेळ नुसता कोयत्यांचा आवाज. मग म्हणाली, “त्यांना लेकरं किती?” म्हटलं, एकच, तीन वर्षांची पोरगी आहे. पट्टा पडल्यावर ती बाई आपल्या गावी जायच्या आधी धारूरला त्याच्या घरी जाऊन आली, पदरात कोल्हापूरकडचा गूळ बांधून.

तो 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नाही. आम्हा जुन्या लोकांच्या बायकांना जे आपोआप मिळतं, ते तिला नव्हतं. सेवापुस्तक, गटविमा, अनुकंपाचा अर्ज, प्रत्येक कागदाला वेगळं टेबल. ती एकटी काय काय करणार? आम्ही केंद्रातले चार-पाचजण आळीपाळीनं तिच्याबरोबर जायचो. ज्याच्यावर मी टाचणासाठी ओरडायचो, त्याची फाइल मी इतकी नीट लावली की तिथला बाबूसुद्धा बघत राहिला.

आता तुझ्या त्या मुलाचं. त्याचे वडील नांदेडकडं शेती करतात, असं तू म्हणालीस. त्यांना हे ऑनलाइन जमायचं नाही. त्याचा पीएफ कापला जात असेल तर पैशासाठी फॉर्म 20, पेन्शनसाठी 10 डी आणि विम्यासाठी 5 आयएफ. हा विमा 7 लाखांपर्यंत असतो, आणि तो आहे हेच कितीतरी घरांना ठाऊक नसतं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट सांगतात. मृत्यू झाला असेल तर ती अट लागत नाही, हे एचआरवाल्यांना विचार. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघायला लाव. वडिलांना मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवायला सांग, प्रत्येकजण मागतो.

ऑफिसातल्या एक-दोघांना घेऊन जा. पुण्याहून रात्रीची नांदेडची रेल्वे आहे. तारीख कळव, मी परस्पर तिकडं येतो. फॉर्म भरायला मी बसेन.

तुझे अण्णा