लाईफ जॅकेट बसायला नाही, घालायला आहे

मा. संपादक,
कोयनेतनं पाणी सोडलं की आमच्या चिकोडी-अथणीकडं कृष्णा फुगते, इथं थेंबभर पाऊस नसला तरी, आणि लोकं म्हणतात ऊन पडलंय की, चला नावेतनं पलीकडं. नावेत माणसं, वर मोटारसायकल, दुधाचे कॅन, आणि लाईफ जॅकेट कुठं तर नावाड्याच्या बुडाखाली! बक्कल न लावता घातलेलं जॅकेट पाण्यात पडलं की वर सरकून डोक्यातनं निघतंय, पोरांना मोठ्यांचं तर घालूच नका. कोण बुडत असंल तर लगेच उडी टाकू नका, बुडणारा गळ्यालाच मिठी मारतो, दोर टाका, नाहीतर टोपण घट्ट लावलेला रिकामा कॅन. पंचायतीनं घाटावर एक दोर आणि ट्यूब तरी ठेवावी, हारतुऱ्यांच्या खर्चात बसतंय ते.

एक वाचक, चिकोडी