'प्रगत' म्हणून विकलेले पॉलिमर क्लेचे पुस्तक परत घेण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,
स.न.वि.वि.

आपल्याकडून मागवलेले पॉलिमर क्लेचे (ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या रंगीत मातीचे) पुस्तक मला परत करायचे आहे. छपाई उत्तम आहे, पार्सलही वेळेवर आले. तक्रार आतल्या मजकुराची आहे.

मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत 'प्रगत कारागिरांसाठी' असे ठळक छापले आहे. आत अर्ध्याहून अधिक पाने क्ले मळणे, गोळ्या वळणे, ब्लेड धरणे यातच गेली आहेत. उरलेल्या पानांत कानातले, चाव्यांचे कीचेन आणि पुन्हा कानातले. नमुने वाढवले म्हणजे पातळी वाढत नाही.

एक उदाहरण देते. केन, म्हणजे रंगीत क्ले जोडून केलेला, कापला की प्रत्येक चकतीवर तेच चित्र दिसणारा दांडा, दाबून बारीक करताना आतले चित्र का बिघडते? बहुतेक वेळा एक रंग मऊ आणि दुसरा घट्ट असतो, मग दाब दिला की मऊ रंग आधी सरकतो. मऊ क्ले साध्या कागदात दाबून ठेवली की जादा प्लास्टिसायझर (क्ले मऊ ठेवणारे द्रव्य) कागद शोषून घेतो आणि दोन्हींचा घट्टपणा जुळवता येतो. पुस्तकात यावर एवढेच आहे : 'हलक्या हाताने लाटा.' स्किनर ब्लेंडची, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जाणारी, पट्टी करून दाखवली आहे, पण त्या पट्टीतून पाकळीची छटा असलेली केन कशी रचायची, हे नाही. मायका शिफ्टला, म्हणजे अभ्रक असलेल्या चमकदार क्लेत खोलीचा भास आणण्याच्या तंत्राला, एक फोटो मिळाला आहे. अभ्रकाचे कण एका दिशेला बसावेत म्हणून क्ले लाटण्याच्या मशीनमधून ती पुन्हा पुन्हा काढतात, मग ठसा उमटवून वर आलेला भाग तासतात, तेव्हा सपाट पृष्ठभागावर खोली दिसते. फोटो पाहून हे कोणाला कळणार?

भाजण्याबद्दल 'पाकिटावरची सूचना पाहा' असे लिहून लेखक मोकळे झाले आहेत. काही क्ले ११० अंश सेल्सिअसला भाजतात, काही १३० ला, एखादी थेट १५० ला. दोन कंपन्यांची क्ले एकाच वस्तूत वापरली तर काय करायचे? कमी भाजली तर वस्तू ठिसूळ राहते, जास्त तापली तर करपते. नवशिक्याला हा प्रश्न पडत नाही. आम्हाला रोज पडतो, आणि त्यासाठीच तर पुस्तक घेतो.

ग्राहक सेवेने फोनवर 'पातळी ज्याच्या त्याच्या अनुभवावर असते' असे सांगितले. मग पुस्तकावर ती छापता कशाला?

पुस्तकाचे पूर्ण पैसे परत मिळावेत. या विषयावरच्या आपल्या सर्व पुस्तकांची अनुक्रमणिका खरेदीआधी पाहता यावी. 'प्रगत' म्हणवणाऱ्या पुस्तकाला कोणती तंत्रे आधीच यायला हवीत, हेही तिथे लिहावे. केनची रचना, पोकळ आकार, आतला सांगाडा आणि घासून चकाकी आणणे यांवर खोलात जाणारे पुस्तक आपल्याकडे असेल, तर त्याचे नाव कळवावे. ते मी लगेच घेईन.

पुस्तक मूळ वेष्टनात बांधून ठेवले आहे. ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे आणि पाठवणीचा खर्च कोण देणार, हे लेखी कळवावे.

कळावे,
आपली एक ग्राहक