बाळंतपणाचा पगार एकट्या मालकावर नको, आणि बापालाही हक्काची रजा द्या

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

पुण्यातल्या लहान-मध्यम आस्थापनांची पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कामं आम्ही पाहतो. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, हे मोठं काम झालं. पण तो पगार द्यायचा कुणी, इथे घोडं अडलंय.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधल्या दोघी घ्या. एकीला महिना 21 हजार, दुसरीला 24 हजार. पहिली ईएसआयच्या पगारमर्यादेत बसते. तिच्या रजेचे पैसे ईएसआयचं महामंडळ देतं, कारण स्त्री असो की पुरुष, प्रत्येकामागे मालक 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतच असतो. दुसरी मर्यादेच्या वर गेली, म्हणून तिचे सहा महिन्यांचे सुमारे 1 लाख 44 हजार मालकाच्या खिशातून जातात. बदली माणसाचा पगार वेगळाच. बारा माणसांच्या कारखान्यात हा आकडा एकदा दिसला की पुढच्या मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न येतो. नकाराचं खरं कारण कागदावर कधीच येत नाही, मग तक्रार कशाच्या आधारावर करायची?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करार क्रमांक 183 मध्ये नेमकं हेच सांगितलंय: हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. ईएसआयच्या वरच्या पगारांसाठी राज्याने असा निधी उभारावा. वर्गणी दरडोई, पुरुष कामगारांसाठीही तेवढीच. तसं केलं तरच बाई न घेण्यात मालकाचा फायदा उरणार नाही. वसुलीला नवं खातं नको; कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरच्या पगारातून होतेच, त्याच चलनात एक रकाना वाढवा. खरी मेख परताव्यात आहे. कायद्याने प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे आगाऊ आणि उरलेले, प्रसूतीचा पुरावा दिल्यावर 48 तासांत द्यायचे असतात. मालकाला ते वर्षभराने परत मिळणार असतील तर लहान उद्योजक या योजनेवर विश्वास ठेवणार नाही. 30 दिवसांची मुदत कायद्यातच घाला.

आता बापाबद्दल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. आपल्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. फेब्रुवारीत मूल झालं तर हातात दोनच. सिझेरियन असेल तर तीन-चार दिवस दवाखान्यातच जातात. घरी आल्यावर बाळंतिणीचे टाके दुखत असतात, बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ वाढते तेव्हा त्याला डॉक्टरांना दाखवावं लागतं. हिंजवडीत भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं माहेर-सासर लातूर-नांदेडला असतं. आजी सव्वा महिना येऊन राहीलच असं नाही, बऱ्याचदा तीही नोकरीत असते.

म्हणून 15 दिवस द्या, पण दोन टप्प्यांत: सात जन्माच्या वेळी आणि आठ, आई कामावर परतते तेव्हा. पाळणाघराची सक्ती 50 आणि त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे; बाकीच्यांना बाळ बाहेरच्या पाळणाघरात रुळवावं लागतं, आणि तिथे पहिले काही दिवस कुणीतरी मोकळं असावंच लागतं. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचाच आहे, त्यामुळे दुकानं, कार्यालयं आणि आयटी कंपन्यांपुरती ही तरतूद विधिमंडळ करू शकतं. कारखान्यांसाठी मार्ग वेगळा लागेल, पण त्यासाठी ही सुरुवात अडवू नका.

कंत्राटी कामगारांचं एकच सांगतो. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूती लाभ पूर्ण द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं. तरीही अकरा महिन्यांच्या करारांवर हा विषय ‘नूतनीकरण नाही’ एवढ्यावर मिटवला जातो. तपासणीच्या वेळी ज्या गर्भवतींचे करार वाढवले नाहीत, त्यांची यादी मागण्याचा आदेश आपल्या सहीने निघू शकतो. त्याला कायदा बदलावा लागत नाही. तो याच महिन्यात काढावा, ही विनंती.

आपले,
वेतन व कामगार कायद्याचं काम करणारे सल्लागार, पुणे