आधी मोरीतून की दारातून

कुर्ला, मुंबई
बुधवार, रात्री साडेअकरा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

‘बाबा, वाचून ठेव’ अशी चिठ्ठी टाचून तू निबंध टेबलावर ठेवून गेलीस. मतदार याद्यांचं काम संपवून मी आलो तेव्हा तू झोपली होतीस, आणि उद्या मी उठायच्या आत तू लोकल गाठायला निघालेली असशील. म्हणून लिहून ठेवतोय. तसंही लिहिण्याबद्दलचं बोलणं लिहूनच केलेलं बरं.

निबंध दोनदा वाचला. तीन दिवस खपलीस ते पानापानांवर दिसतं. तरी मॅडमनी शेवटी लाल शाईने दोनच शब्द लिहिले, ‘मुद्दा काय?’ आणि तू रडलीस, असं आजीने सांगितलं. मनू, त्या दोन शब्दांत अपमान नाही. पुन्हा लिहायला त्यांनी शनिवारपर्यंत वेळ दिला आहे, म्हणजे तुझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतंय. मलाही वाटतंय. पण ते कागदावर अजून आलेलं नाही.

विषय आहे २६ जुलै २००५ च्या पुराची कारणं. तुझं पहिलं वाक्य, ‘पाणी हे जीवन आहे.’ दुसरं, ‘अनादी काळापासून मानवाचे पाण्याशी अतूट नाते आहे.’ मग मुंबई सात बेटांची, मग मुंबई स्वप्नांची. पाऊस सुरू व्हायला दीड पान लागलं. दोष तुझा नाही, शाळेत आम्हालाही असंच शिकवलं होतं. विषयाला हार घालून, वाजतगाजत आत आणायचं. दहावीपर्यंत त्याचे गुणही मिळतात. कॉलेजात मात्र तुला एक प्रश्न विचारला आहे. पूर का आला? वाचणाऱ्याला पहिल्या काही ओळींतच कळायला हवं की मनूचं उत्तर हे आहे, आणि आता ती ते पटवून देणार आहे.

तुझं उत्तर काय आहे? हे मी खरंच विचारतोय. सगळं बाजूला ठेव आणि एका वाक्यात लिही. ‘पुराची अनेक कारणे होती’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणूच शकत नाही. ज्याला कुणी तरी ‘कशावरून?’ म्हणू शकेल, असं वाक्य हवं. उदाहरणार्थ, ‘पाऊस अभूतपूर्व होता, पण मिठी नदीची जागा आपण आधीच आकसवून ठेवल्यामुळे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि तिथेच थांबले.’ हे वाक्य तुझ्या पाचव्या पानावर आहे, एका कोपऱ्यात. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. माझ्या मते तुझा निबंध तिथे सुरू होतो.

आता एक जुनी गोष्ट. त्या वर्षी मी महसूल खात्यात नवाच लागलो होतो. पाणी ओसरल्यावर आधी आपल्या घरातला चिखल काढला आणि मग दुसऱ्यांच्या घरांच्या पंचनाम्यांना गेलो. क्रांतीनगर, संदेशनगर, सगळी मिठीच्या काठची वस्ती. पहिल्या दिवशी एका घराबद्दल मी लिहिलं, ‘घरातील सर्व सामान नष्ट झाले आहे.’ मनापासून लिहिलं होतं. ते घर बघून दुसरं काही सुचतच नव्हतं. संध्याकाळी साहेबांनी तो कागद परत दिला. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, ‘सर्व म्हणजे काय काय? आणि पाणी कुठवर चढलं होतं?’

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन परत गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ होती, जमिनीपासून ५ फूट २ इंच. धान्याची कोठी, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं, रेशनकार्ड, एकेक वस्तू लिहून घेतली. दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मग लक्षात आलं की माझ्या ‘सर्व’ या शब्दात ती शिलाई मशीन दिसतच नव्हती, आणि त्या बाईचं पोट त्या मशीनवर होतं. त्या दिवसापासून ‘सर्व’, ‘प्रचंड’, ‘भीषण’ हे शब्द लिहिताना माझा हात थांबतो. तुझ्या निबंधात ‘भीषण’ अकरा वेळा आलाय. मी मोजले.

एक आकडा घेऊ. तू लिहिलंस, ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला.’ आकडा बरोबर आहे, पण तो सांताक्रूझच्या वेधशाळेतला आहे. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा. म्हणजे तीन फुटांहून जास्त पाणी. त्याच २४ तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७४ मिलिमीटरच्या आसपासच पाऊस मोजला गेला. मधलं अंतर वीस-बावीस किलोमीटर. तू ‘मुंबईत’ म्हटलंस आणि एवढा मोठा फरक त्या एका शब्दाखाली झाकला गेला. तोच उघडा करून दाखवलास तर नवा मुद्दा हाती लागतो, की ती आपत्ती मुख्यतः उपनगरांवर आली. मिठी त्या उपनगरांतूनच वाहते, म्हणून तिच्याबद्दल बोलणं भाग आहे. आकडा कुठला, केव्हाचा, कोणी मोजलेला, हे शेजारीच लिहीत जा. पंचनाम्यात जागा, तारीख, वेळ आधी येते ती उगीच नाही.

पण पंचनामा म्हणजे निबंध नव्हे. आम्ही फक्त पाणी कुठवर चढलं ते लिहीत होतो. ते का चढलं, हा रकाना आमच्या कागदावर नव्हता. तुझ्या कागदावर तोच मुख्य आहे.

तुझा तिसरा परिच्छेद समोर ठेव. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, भरती आहे, वांद्रे-कुर्ला संकुल आहे, राजकारणी आहेत आणि शेवटी मुंबईकरांचं स्पिरिट. पाच गोष्टी, नऊ वाक्यं. कुठल्याच गोष्टीला दोन वाक्यांहून जास्त जागा मिळालेली नाही. परिच्छेद या शब्दातच छेद आहे, तो कापून वेगळा केलेला तुकडा असतो. एका तुकड्यात एकच मुद्दा. मी फक्त गटारांचा मुद्दा घेऊन लिहून पाहिलं:

‘मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या इतक्या पावसासाठी बांधलेल्याच नव्हत्या. ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल, एवढीच त्यांची क्षमता धरलेली होती. २६ जुलैच्या दुपारी सांताक्रूझला तासाला १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळत होता आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती. भरतीत वाहिन्यांची तोंडे पाण्याखाली जातात, त्यामुळे आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते मागे फिरते. म्हणून नाले पूर्ण साफ असते तरी त्या दुपारी सखल भागात पाणी साचलेच असते.’

पहिल्या वाक्यात म्हणणं आहे. पुढच्या दोन वाक्यांत त्याचा आधार. चौथ्या वाक्याकडे नीट बघ, कारण तुझ्या निबंधात ते वाक्य कुठेच नाही. तू म्हणणं मांडतेस, आकडा देतेस आणि पुढे निघून जातेस. आकड्यावरून म्हणणं कसं सिद्ध होतं, हे वाचणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. चौथं वाक्य काढून परिच्छेद वाचून पाहा. भरतीचा उल्लेख आहे, पण ती का महत्त्वाची हे कळत नाही. समुद्र कधीच न पाहिलेल्या लातूरच्या मुलीला हा परिच्छेद समजला पाहिजे, असं धरून लिही.

शेवटचं ‘म्हणून’ही मी विचार करून घातलंय. तू ‘म्हणून’ सतरा ठिकाणी वापरलंस, त्यातल्या निम्म्या जागी खरं तर ‘आणि’ हवं. ‘मुंबई ही आर्थिक राजधानी आहे म्हणून येथे पूर आला’ असं वाक्य आहे बघ. त्या शब्दाने तू जबाबदारी घेतेस की मागच्यातून पुढचं निघतं. निघत नसेल तर तो घालू नकोस.

प्लॅस्टिकने नाले तुंबतात हे खरंच आहे, पण त्याला वेगळा परिच्छेद दे, नाहीतर गाळ. स्पिरिटचा भाग गाळच. त्या रात्री अनोळखी लोकांनी दारं उघडली, चहा-बिस्किटं दिली, मी स्वतः खाल्ली आहेत आणि ते ऋण मानतो. तरी पुराच्या कारणांमध्ये ते बसत नाही.

चौथ्या पानावर एक वाक्य आहे, ‘नागरी पर्जन्यजल व्यवस्थापनातील संरचनात्मक अपुरेपणा अधोरेखित झाला.’ हे तुझं वाक्य नव्हे, मनू. घरात अशी भाषा कोणी बोलत नाही आणि तूही इतर पाच पानांत कुठे लिहिलेली नाहीस. मॅडमना ते पहिल्या नजरेत दिसलं असणार. दुसऱ्याचं वाक्य घ्यायला हरकत नाही, पण अवतरणचिन्हांत घे आणि कोणाचं ते सांग. स्वतःच्या शब्दांत मांडलंस तरी विचार ज्याचा त्याच्या नावावर ठेव. पुरानंतर सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली होती, २००६ मध्ये तिचा अहवाल आला. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचार. ‘असे म्हटले जाते’ या तुझ्या शब्दांच्या जागी ‘चितळे समितीने नोंदवले आहे’ असं लिहिता आलं तर त्या वाक्याखाली दोन पंचांच्या सह्या झाल्यासारखं होईल. मात्र अहवालाचं ते पान तू स्वतः वाचलेलं असलं पाहिजे. न वाचता नाव घालणं ही खोटी सही.

आणखी एक. तुझ्याशी भांडणारा माणूस निबंधात येऊ दे. तो म्हणेल, ‘९४४ मिलिमीटर पाऊस कुठल्या शहराला झेपला असता? मग मिठीच्या नावाने कशाला बोटं मोडता?’ त्याचं म्हणणं हलकं नाही. माझा वरचा परिच्छेदही त्याच्याच बाजूने जातो, साफ नाल्यांनीसुद्धा पाणी साचलं असतं असं तो म्हणतो. मग तुझं काय उरतं? उरतं हे की, पाणी किती चढलं आणि किती वेळ राहिलं, ते नदीला पसरायला किती जागा होती यावर ठरतं. मिठी विहार तलावाच्या सांडव्याकडून निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, आपल्या कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीत पोचते. वांद्रे-कुर्ला संकुल ज्या जमिनीवर उभं आहे तिथे पूर्वी दलदल आणि खारफुटी होती. एवढं मांडलंस की त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. त्याचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य कर आणि मग पुढे जा. तुझ्या निबंधात सगळे तुझ्याशी सहमत आहेत, त्यामुळे तुला काही सिद्धच करावं लागलेलं नाही.

परिच्छेदांचा क्रम तपासायचा असेल तर प्रत्येकाचं फक्त पहिलं वाक्य एकाखाली एक लिहून मोठ्याने वाच. मी तुझी वाचली. चौथा परिच्छेद सहाव्याच्या जागी नेला तरी काही बिघडत नाही. डबे आहेत, पण कपलिंग नाही.

सुरुवात सगळ्यात शेवटी लिही, आपण काय म्हटलं ते तेव्हाच नीट कळलेलं असतं. शेवटी ‘अशा प्रकारे’ म्हणून सगळं पुन्हा सांगू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मी पेन्सिलीने दुरुस्त केलेत, तेवढे उतरवून घे.

राहिली आजी. दुसऱ्या पानावर तू तिची गोष्ट लिहिलीस, ती पोटमाळ्यावर रात्रभर बसून राहिली ती. मॅडमनी तिथे प्रश्नचिन्ह केलंय. तू ती काढून टाकशील अशी मला भीती वाटते. काढू नकोस. पण आत्ता ती फक्त डोळ्यांत पाणी आणण्यासाठी आहे. आजी साक्षीदार आहे, तिला साक्षीदारासारखं विचार. एका घराने सगळ्या कुर्ल्याचं सिद्ध होत नाही, तेवढं लिहून टाक आणि मग तिची साक्ष गटारांच्या परिच्छेदात ठेव.

पाणी आपल्या घरात कसं शिरलं, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा रुळांवरून चालत होतो, घरी पोचलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात ती एकटीच होती. उद्या दुपारी ती निवांत असेल तेव्हा वही घेऊन बस आणि विचार, पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा किती वाजले होते, आणि ते आधी मोरीतून वर आलं की दारातून आत आलं. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे.

तुझा,
बाबा