कोड्याचं उत्तर पुढच्या रविवारी छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकरोडला माझी पिठाची गिरणी आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं कोडं मी गिरणीच्या पत्र्याच्या दारावर खडूने लिहितो. दळणाला थांबलेली माणसं ते सोडवत बसतात. उत्तर मी लिहीत नाही. तुम्ही मात्र ते त्याच पानावर खाली उलटं छापता. पोरं आधी पेपर फिरवतात, मग कोडं वाचतात. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या महिन्यात एका रविवारी पुरवणी आली नाही, म्हणून मी माझ्याकडचं कोडं घातलं. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तेच अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान संख्या वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. शेवटी कुठे पोचता ते सांगा.

सातवीतल्या एका मुलीने गिरणी सुरू झाल्याचं साल घेतलं, १९९२. ९९२१ वजा १२९९, आले ८६२२. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४च. बाजरी दळून झाली, डबा भरला, तरी ती उठेना. म्हणाली, "काका, प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज अठरा येतेय." मी हे कोडं कितीदा घातलं असेल, पण माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. रात्री कागदावर मांडून पाहिलं. पहिला आणि चौथा अंक जागा बदलतात त्याने ९९९च्या पटीत फरक पडतो, मधल्या दोघांमुळे ९०च्या पटीत. दोन्हींना नऊने भाग जातो, म्हणून बेरीज नेहमी नऊच्या पटीतच यायची. खाली उलटं ६१७४ छापलेलं असतं तर ती मुलगी पहिल्या वजाबाकीलाच उठून गेली असती.

ही संख्या १९४९ साली शोधली ती देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. देवळाली आमच्या शेजारी, पण त्या दिवशी गिरणीत बसलेल्यांपैकी एकालाही ते नाव ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सामान्यज्ञानाच्या प्रश्नांचंही तेच. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ याचं उत्तर तुम्ही ‘हॉकी’ छापलंत. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात हेच विचारलं, तेव्हा केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणत्याच खेळाला तसा दर्जा दिलेला नाही. पोरं पेपरात आलेलं खरं धरून चालतात. माझ्या दारावर हाच वाद झाला आणि मी खोटा ठरलो, कारण पेपरात छापून आलं होतं.

तेव्हा विनंती एवढीच, की उत्तर पुढच्या रविवारी द्या आणि ते कसं आलं हेही दोन ओळींत लिहा. जागा पुरत नसेल तर दहाऐवजी तीनच प्रश्न छापा, आम्हाला आठवडाभर पुरतील.

आपला,
एक गिरणीवाला, नाशिकरोड