पाढे चिंचोक्यांनी शिकवा

महोदय,

पाढे नुसते घोकून घेतले, तर 'सात आठी किती?' असे मधूनच विचारल्यावर मुले अडखळतात आणि पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात करतात. म्हणून आधी चिंचोके मांडायला द्यावेत. चार-चारच्या तीन ओळी म्हणजे बारा. तीच मांडणी बाजूने पाहिली की तीन-तीनच्या चार ओळी, तरीही बाराच! हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की पाठांतराचे ओझे जवळजवळ निम्मे होते. नवाच्या पाढ्याला तर हाताची दहा बोटे पुरतात: डावीकडून चौथे बोट दुमडा, त्याच्या डावीकडे तीन, उजवीकडे सहा, म्हणजे छत्तीस. पाढ्यांची लय मला प्रिय आहे, ती टिकावीच. पण चिंचोके आधी. प्राथमिक शाळांनी परिपाठानंतर रोज दहा मिनिटे यासाठी द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, सातारा