बाबांच्या देण्यांविषयी दादास पत्र

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेली बाबांच्या कर्जांची कागदपत्रे मिळाली. अमेरिकेत माणसे न्यायालयात अर्ज देऊन देण्यांतून मोकळी होतात, तसे बाबांना इंदुरात करता येईल का, असे तू विचारले आहेस. कायद्याने करता येईल. परंतु सर्व कागद वाचून आणि इंदूरच्या एका वकिलांशी फोनवर सविस्तर बोलून माझे मत असे झाले आहे की नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज हा बाबांसाठी पहिला उपाय नव्हे. रामबागेतले घर त्यांनी स्वतःच्या हाताने, वेळ आहे तोवर विकावे, हा पहिला उपाय आहे. हे वाचून तुला रागही येईल, म्हणून कारणे विस्ताराने लिहिते.

येथे चॅप्टर सेव्हन नावाचा अर्ज असतो. तो दाखल होताच वसुलीचे फोन, दावे आणि पगारावरील जप्ती थांबते. त्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जाविषयी सल्ला घ्यावा लागतो, पुढे एक विश्वस्त नेमला जातो, कायद्याने राखून ठेवलेली मालमत्ता सोडून उरलेली तो विकू शकतो, आणि प्रकरण सरळ असेल तर काही महिन्यांत बिनतारण देणी माफ होतात. त्याची नोंद पतअहवालात दहा वर्षे राहते. हे सर्व तू ऐकले आहेसच. परंतु माझ्या एका सहकाऱ्याच्या वृद्ध आईवडिलांना त्यांच्या वकिलाने अर्ज करूच नका असे सांगितले, कारण त्यांचे उत्पन्न केवळ सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे येथल्या सरकारी वृद्धापवेतनाचे, होते आणि घर भाड्याचे. त्या उत्पन्नाला क्रेडिट कार्डाची कंपनी हात लावू शकत नाही, तेव्हा ज्यांच्याकडून काही घेताच येत नाही त्यांनी खर्च करून माफी कशाला मागावी, असा त्याचा हिशोब होता. बाबांच्या बाबतीतही मी आधी हाच प्रश्न विचारला : कायदा त्यांच्याकडून काय घेऊ शकतो आणि काय घेऊ शकत नाही?

बाबांचे निवृत्तिवेतन सरकारी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ते जप्त होत नाही, आणि निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली तरी तिचे हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे. त्याच कलमात अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीने स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने यांना सूट आहे. तेव्हा वसुलीला आलेल्या त्या मुलाने आईच्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून जे बोलणे केले ते निव्वळ भीती घालणे होते. अडचण वेगळीच आहे. ज्या बँकेत निवृत्तिवेतन जमा होते तिचेच वैयक्तिक कर्ज बाबांच्या डोक्यावर आहे, आणि हप्ता परस्पर कापून घेण्याची संमती त्यांनी स्वतः लिहून दिली आहे. जप्ती करता येत नसली तरी संमतीने कापलेला हप्ता हा जप्ती ठरत नाही. म्हणून निवृत्तिवेतनाचे खाते ज्या बँकेचे काहीही देणे नाही अशा बँकेत हलवण्याचा अर्ज सर्वांत आधी द्यावा. महिन्याच्या तीन तारखेला घरात किराणा भरायला पैसे उरत नाहीत, ते या परस्पर कापलेल्या हप्त्यामुळे.

आता नादारीच्या कायद्याविषयी. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. आपल्या आतेभावाच्या दुकानाला बाबा जामीन राहिले खरे, पण ते दुकान त्याच्या एकट्याच्या मालकीचे होते, कंपनी नव्हती, त्यामुळे तो मार्ग बाबांना खुला नाही. उरतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्यात अर्ज करण्यासाठी किमान पाचशे रुपयांचे कर्ज असावे लागते. यावरून त्याचे वय लक्षात यावे. त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज देता येतो. न्यायालयाने नादार ठरवले की जप्तीतून सूट असलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते, ती विकून सावकारांमध्ये वाटली जाते आणि पुढे मुक्ततेचा अर्ज वेगळा करावा लागतो. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी त्यानंतरही सुटत नाहीत. मुख्य गोष्ट अशी की तारण घेऊन बसलेल्या वित्तसंस्थेला हा कायदा अडवत नाही. घरावरचे कर्ज आहे तेथेच राहते.

म्हणजे अर्ज केला तर घर जाणारच, फक्त ते दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी आणि बहुधा कमी किमतीला. तुझ्या हिशोबाप्रमाणे घरावरचे १७ लाख, आतेभावाच्या जामिनाचे १२ लाख, वैयक्तिक कर्ज साडेचार, दोन कार्डांचे मिळून तीन आणि त्या खासगी सावकाराचे अडीच, असे ३९ लाख होतात, आणि घराला आज ३३ ते ३५ लाख येतील असे दलाल म्हणतो. घर विकून घरावरचे कर्ज मिटवले तर १६ ते १८ लाख हाती राहतात आणि बिनतारण देणी २२ लाखांची राहतात. एवढ्या फरकावर एकरकमी तडजोड होऊ शकते. शहात्तर वर्षांच्या निवृत्त माणसाकडून हप्त्याहप्त्याने काही वसूल होणार नाही, हे बँकांनाही कळते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये अशा तडजोडींची चौकट ठरवून दिली आहे. तडजोडीनंतर किमान बारा महिने तीच संस्था नवे कर्ज देत नाही, आणि बाबांच्या बाबतीत ही अट मला वरदानच वाटते.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. हप्ते ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, ठरते. नंतर तारणाच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि ती मुदत संपल्यावर वित्तसंस्था घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. त्याविरुद्ध दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरण जबलपूरला आहे. गुडघे धरून चालणाऱ्या आईला आणि बाबांना इंदूरहून तेथे कोण घेऊन जाणार? नोटीस अजून आलेली नाही, आणि म्हणूनच ग्राहक आपण शोधायचा आणि वित्तसंस्थेची लेखी संमती आताच घ्यायची.

काकांनी सुचवले आहे की घर तुझ्या किंवा माझ्या नावे बक्षीसपत्र करून टाकावे, म्हणजे कोणाला काही नेता येणार नाही. काकांचा हेतू चांगला आहे, सल्ला धोक्याचा आहे. घर तारण असताना असे बक्षीसपत्र वित्तसंस्थेला बांधत नाही. आणि पुढे कधी नादारीचा अर्ज करावाच लागला, तर त्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. वर बाबांवर लबाडीचा शिक्का बसतो तो वेगळाच. याच कारणाने सर्व सावकारांशी बोलणी एकाच वेळी करावीत. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी देऊन टाकू नये, कारण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकते माप दिले असेल तर तेही न्यायालय उलटवू शकते.

खासगी सावकाराविषयी थोडे. त्याने बाबांकडून कोरे धनादेश घेऊन ठेवले आहेत आणि अडीच लाखांची भीती त्यामुळेच बारा लाखांपेक्षा मोठी वाटते. धनादेश न वटल्यास ३० दिवसांत नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून त्याच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. परंतु मध्य प्रदेशात सावकाराला १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती त्याच्याकडे आहे का, हे वकिलांना आधी पाहू दे. तोपर्यंत बाबांनी त्याच्या वहीत सही करू नये आणि "थोडे तरी द्या" म्हणून पाचशे-हजारही देऊ नयेत, कारण लेखी कबुलीने किंवा अशा भरण्याने दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते.

बँकांच्या वसुलीवाल्यांना सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही, शेजाऱ्यांना सांगून बदनामी करण्याची तर नाहीच. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. फोनच्या वेळा वहिनींनी एका वहीत टिपून ठेवाव्यात, त्यांचे अक्षर आपल्या सर्वांत वाचनीय आहे.

"बाबांचे देणे ते माझे देणे" असे तू लिहिले आहेस. तुझ्या भावनेपुढे मी काय बोलणार! पण कायदा आता तसे म्हणत नाही. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलाकडून वसुली करता येत नाही. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती असते. याउलट जामीनदाराची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्याने मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बाबा त्यातच सापडले. म्हणून तुझ्या नाशिकच्या फ्लॅटवर कर्ज काढून हे फेडण्याचा विचार सोडून दे. तडजोडीत दोन-चार लाख कमी पडले तर ते मी देईन, मात्र तडजोडीचे लेखी पत्र हाती आल्यावर आणि थेट कर्जखात्यात.

बाबांना अब्रूची चिंता आहे, आणि ती पोकळ नाही. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांची देणी डिसेंबर २०२३ मध्ये वाटली गेली. गल्लीतली कितीतरी माणसे ती वाट पाहतच गेली. ते कंपनीचे प्रकरण होते आणि त्याचा कायदा वेगळा, पण बाबांच्या मनात दिवाळे म्हणजे तेच : पिढी संपेपर्यंत चालणारी तारीख. नादार ठरलेल्याला पदे भूषवता येत नाहीत, असेही त्यांना कोणी सांगितले आहे. १९२० च्या कायद्यातील मनाई दंडाधिकारी होण्यावर आणि नगरपालिकेसारख्या संस्थेवर निवडून येण्यावर आहे; बाबांना या वयात दोन्ही करायचे नसावे. मंडळाचे खजिनदारपद सोडायचे की नाही ते त्यांनीच ठरवावे, आपण त्यात पडू नये. घर विकूनही एखादी बँक तडजोडीला तयार झाली नाही आणि डिक्री, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा हुकूम, घेऊन आली, तर त्या वेळी नादारीचा अर्ज करण्यास माझी मुळीच हरकत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. तोवर घर विकलेले असेल, निवृत्तिवेतन सुरक्षित असेल आणि गमावण्यासारखे फारसे उरलेले नसेल.

तू इंदूरला जाशील तेव्हा आईला समोर बसवूनच बोल. घरकर्जावर सहकर्जदार म्हणून तिची सही आहे आणि तिला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, असे बाबांच्या बोलण्यावरून वाटले. स्त्री म्हणून तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० वर फोन करून चौकशी करावी. राहण्याविषयी ती नाशिकला येणार नाही असे मला वाटते, तेव्हा रामबाग किंवा राजेंद्र नगर भागात तळमजल्यावरचे, दवाखान्याजवळचे भाड्याचे घर पाहून ठेव. भाडे मी देत जाईन. जाताना मूळ कर्जकरार, खात्यांचे उतारे, जामीनपत्राची प्रत आणि बाबांना आलेली सर्व पत्रे, न उघडलेलीसुद्धा, वकिलांकडे घेऊन जा. मी रविवारी रात्री, म्हणजे तुमच्या सोमवारी सकाळी, फोन करते.

मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी,
माधवी